लेटीचा मुरगळलेला पाय

पेनहॅलो, कॉर्नवॉल
९ सप्टेंबर १९३४

प्रिय लेटी,

हेस्टरचं पत्र नाताळ सोडून सप्टेंबरात कसं आलं, म्हणून पाकीट फोडायच्या आधी तू खुर्ची ओढून बसली असशील. बसूनच वाच. कुणी गेलेलं नाही. जायला आता या घरात माझ्याशिवाय कुणी उरलेलंही नाही.

तुझी लेक मॉर्वेना आज सकाळच्या गाडीनं गेली. चार महिने वरच्या खोलीत तिचे बूट वाजत होते. आज जिना चढताना मलाच माझी चाहूल नकोशी झाली. दुपारी दोघींपुरता चहा केला आणि दुसरा कप तसाच भरून ठेवला. मग कपबशा धुतल्या, आणि तुला लिहायला बसले. चोवीस वर्षं आपण एकमेकींना हवामान कळवतो आहोत. तू लिहितेस उन्हानं गव्हाचं काय झालं, मी लिहिते धुक्यानं डॅफोडिलचं काय झालं. या वेळी हवामान नाही लिहिणार.

पोर मे महिन्यात स्टेशनावर उतरली तेव्हा मी तिला ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही. चेहरा बापाच्या, एडविनच्या वळणाचा आहे. दोन रॅकेटी आणि बॅग एकाच हातात धरून दुसऱ्या हातानं तिनं टोपी सावरली, तेव्हा ओळखलं. एक पूर्ण उन्हाळा इथल्या स्पर्धा खेळायच्या आणि मग घरी जाऊन शाळेत शिकवायचं, असा तिचा बेत होता, आणि तो तिनं नेटानं पार पाडला. पाच ठिकाणी खेळली, दोन ठिकाणी फायनल गाठली, एक जिंकली. तिचा खेळ मी रोज बघत होते. बॅकहँडला ती चेंडूची वाट बघत नाही. तो जमिनीवरून उसळतो न उसळतो तोच उचलते. पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि मला कुंपणाला धरून उभं राहावं लागलं. बाबांच्या कोर्टवर असा फटका एकच मुलगी मारायची, आणि ती मी नव्हते.

ते कोर्ट आठवतं ना तुला. घरामागचं बियाणांचं कोठार, त्याच्या पलीकडे कंदांचे वाफे, आणि मधोमध हिरवीगार सपाट चौकट. गवताचं बी विकणाऱ्या माणसानं स्वतःच्या दारात गवत कसं असावं ते गिऱ्हाइकांना दाखवायला कोर्ट केलं, आणि मग त्यावर काहीतरी हलतं हवं म्हणून आपल्या दोघींच्या हातात रॅकेटी दिल्या, असं लोक हसून म्हणायचे. आई गेलेली. मी चौदाची, तू अकराची. बाबा खुर्ची टाकून बसायचे आणि आपल्याला मोजून फटके मारायला लावायचे. न चुकता शंभर. चुकलं की पुन्हा एकपासून. पण गुण मांडून, हारजीत ठेवून त्यांनी आपल्याला एकमेकींशी कधी खेळू दिलं नाही. एकदा म्हातारा माळी ट्रेगिअर रोलर ओढता ओढता थांबला आणि बाबांना म्हणाला, "मालक, मोठीकडे फटके आहेत. खेळ धाकटीकडे आहे." बाबा म्हणाले, "तू गवताकडे बघ." त्या दिवशी तू हसून विसरलीस. मी विसरले नाही.

मग स्पर्धा सुरू झाल्या. मी वीस वर्षांची असताना पहिली जिंकले आणि घरी एक घड्याळ आणलं. पैसे घेणं म्हणजे आपली इभ्रत गेली, म्हणून आपल्याला बक्षिसात घड्याळं द्यायचे, चांदीच्या मुठीचे ब्रश द्यायचे, एकदा तर छत्र्या ठेवायचा पितळी खांब दिला होता, तो तू आगगाडीत मांडीवर घेऊन बसली होतीस. कमरेला करकचून आवळलेला पट्टा, पायघोळ झगा, डोक्यावर सुयांनी खोचलेली हॅट, आणि या सगळ्यासकट पळायचं. माझी सर्व्हिस लांब पडायची आणि माझा फोरहँड कोपऱ्यात जायचा. लोक मला ओळखायला लागले. वर्तमानपत्रात 'मिस पेनरोज' म्हटलं की ती मी असायची, आणि तुझ्यासाठी 'मिस एल. पेनरोज' असं लिहायचे.

१९०४ साली पहिल्यांदा ड्रॉमध्ये आपण दोघी समोरासमोर आलो. उपान्त्य फेरी होती. बाबा म्हणाले, "एका आईच्या दोन पोरी चारचौघांत एकमेकींना हरवणार आणि लोक चहा पीत बघणार, हे माझ्या घरात चालणार नाही. मोठी पुढे जाईल." यात वावगं असं कुणालाच वाटलं नाही. त्या काळी बहिणी असंच करायच्या. एकीनं रेफरीला चिठ्ठी द्यायची, नाव मागे घ्यायचं, दुसरी न खेळता पुढे. तू म्हणालीस, "बरं झालं, मला चहा तरी गरम मिळेल." आणि खरंच तंबूत जाऊन केशराचा पाव खात बसलीस. पुढच्या चार वर्षांत असं आणखी तीनदा झालं. चारही वेळा चिठ्ठी तू लिहिलीस. मी एकदाही म्हटलं नाही की या वेळी मी लिहिते.

आता १९०९ चं लिहायला हवं. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण आपण दोघींनी ते कधी मोठ्यानं म्हटलेलं नाही. त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत तू ड्रॉच्या दुसऱ्या बाजूनं आलीस आणि उपान्त्य फेरीत मिस बार्टनला हरवलंस. जिनं मला दोनदा सरळ सेटमध्ये हरवलं होतं, तिला तू सहा-तीन, सहा-दोननं घरी पाठवलंस. मी कडेला बसले होते. माझ्या शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवता वाजवता मला विचारलं, "तुमच्या या बहिणीला इतकी वर्षं लपवली कुठे होती?" फायनल आपल्या दोघींची होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला तू अंड्याचं टरफल काढत अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "बाबा, या वेळी मी खेळणार आहे."

बाबांनी चमचा खाली ठेवला. ते म्हणाले, "पेनरोज कोण ते लोकांच्या मनात ठरलेलं आहे." तू म्हणालीस, "मीही पेनरोजच आहे की." त्यांनी चमचा पुन्हा उचलला. मग तू माझ्याकडे वळलीस. "हेस्टर, तू सांग त्यांना. तुलाही खेळायचंय ना?" मला तो क्षण आजही लख्ख दिसतो, लेटी. मी पावाला लोणी लावत होते. मी ते पावाच्या कडेपर्यंत लावलं, मग दुसऱ्या बाजूच्या कडेपर्यंत लावलं, आणि मान वर केली नाही. तू उठलीस, हॅट घेतलीस आणि एकटी चालत मैदानावर गेलीस.

बाबांनी चिठ्ठी लिहिली. मिस एल. पेनरोज पाय मुरगळल्यामुळे खेळू शकत नाहीत. ती त्यांनी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "तू नेऊन दे. मी गेलो तर वाद होईल." मी ती हातमोज्यात घातली. वाटभर मनाशी म्हणत होते की नाही देणार, खेळू दोघी, जे व्हायचं ते होईल. खरं सांगते, मैदानाचं फाटक येईपर्यंत मी खेळणार होते. फाटकातून आत गेले तर तू बायकांच्या तंबूपुढे बाकावर बसून बुटाचे बंद बांधत होतीस, आणि गाणं गुणगुणत होतीस. तुला भीती वाटत नव्हती. मला मात्र वाटायला लागली. मी तंबूला वळसा घालून मागून गेले आणि रेफरी मेजर कोरिटनच्या हातात चिठ्ठी दिली. त्यांनी वाचली, मिशी चोळली आणि म्हणाले, "पाय मुरगळलाय? मघाशी तर चांगल्या झपाझप चालत आल्या." मी म्हणाले, "काल संध्याकाळी मुरगळला. ती कुणाला दाखवत नाही." चिठ्ठी बाबांची होती. पण हे वाक्य माझं होतं. ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

तू रॅकेट घेऊन बाहेर आलीस तेव्हा मेजर लोकांना सांगत होते, आणि लोक तुझ्याकडे वळून हळहळत टाळ्या वाजवत होते. तू आधी मेजरकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. कदाचित एखाद-दोन क्षणच असेल ते. मला वाटलं, आता ती पळून दाखवणार, कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मी जन्मभर तोंड दाखवू शकणार नाही. तू रॅकेट काखेत धरलीस आणि लंगडायला लागलीस. डाव्या पायानं. चहाच्या तंबूपर्यंत लंगडत गेलीस. बक्षीससमारंभात कुणीतरी तुला खुर्ची दिली, तू आभार मानून बसलीस, पाय पुढे करून. माझ्या हातात कप आला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तूही होतीस. घरी येतानाही गावातल्या रस्त्यानं लोक बघत होते म्हणून तू दाराशी येईपर्यंत लंगडलीस. दार लागल्यावर सरळ चालत जिना चढलीस. त्या जिन्यावरच्या तुझ्या पावलांचा आवाज मी पुढे किती वर्षं ऐकला ते मोजलेलं नाही.

तू रागावली असतीस तर मला माफी मागता आली असती. तू एक शब्द बोलली नाहीस. पुढच्या वसंतात एडविनशी लग्न केलंस आणि दोघं तांब्याच्या खाणींच्या गावी, पृथ्वीच्या त्या टोकाला निघून गेलात. बंदरावर तू मला मिठी मारलीस आणि कानात म्हणालीस, "खेळत राहा." मी ते टोमणा म्हणून घेतलं. आज वाटतं, नव्हता तो टोमणा.

मी खेळत राहिले. लोक म्हणतात माझी खरी कारकीर्द त्यानंतरची. जिल्ह्याची स्पर्धा आणखी तीन वर्षं मीच जिंकले. १९११ ला विम्बल्डनला तिसऱ्या फेरीपर्यंत गेले. पण तू पत्र मांडीवर घेऊन वाचते आहेस म्हणून सांगते, ती वर्षं कशी गेली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात रॅकेट उभी धरून बसायचं. परक्या गावात कुणा क्लबच्या सेक्रेटरीच्या मावशीकडे उतरायचं, तिच्या मांजराचं कौतुक करायचं. हरलं की लवकर झोपायचं, जिंकलं की त्याहून लवकर, कारण जिंकल्यावर सांगायला कुणी नसलं की खोली फार मोठी होते. घरी आले की बाबा दारातच विचारायचे, "किती-किती?" मी आकडे सांगायचे. ते मान डोलवायचे आणि वाफ्यांकडे जायचे. घड्याळं वाढत गेली. सगळ्यांना किल्ली देणं होईना, म्हणून ती बंद पडू दिली. आणि प्रत्येक फायनलला, लेटी, नेटपलीकडे कुणीही उभी असो, मी मनातल्या मनात तोच हिशोब करायचे: हिला लेटीनं किती-कितीनं हरवलं असतं.

युद्धात कोर्ट नांगरून बटाटे लावले. बाबांनी स्वतः पहिला फाळ लावला आणि मग आठ दिवस मागचं दार उघडलं नाही. युद्ध संपल्यावर, सदतिसाव्या वर्षी, मी एकदा पुन्हा उतरले. समोर एकोणीस वर्षांची मुलगी, गुडघ्याखाली जेमतेम पोचणारा झगा, हॅट नाही. अर्ध्या तासात सहा-शून्य, सहा-एक. हात मिळवताना ती आदरानं म्हणाली, "माझ्या आत्याकडून तुमचं नाव ऐकलं होतं." तिथून परतीच्या गाडीत मी पहिल्यांदा मोकळी झाले असं वाटलं, हरण्यात इतकं हलकं वाटतं हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी क्लबची सेक्रेटरी झाले. ड्रॉ काढते, पंच शोधते, चहाला किती पाव लागतील ते सांगते. बाबा सात वर्षांपूर्वी गेले, ते मी कळवलंच होतं. शेवटच्या महिन्यात ते मला दोन-तीनदा 'लेटी' म्हणाले. ते मी कळवलं नव्हतं.

आता मॉर्वेनाचं. जुलैमध्ये एके दिवशी ती फायनल हरून आली आणि जेवताना म्हणाली, "आईचा पाय धड असता तर तिनं मला नीट शिकवलं असतं." मी विचारलं, कसला पाय? ती म्हणाली, "तुला माहीत नाही मावशी? तू तर तिथे होतीस. फायनलच्या आदल्या दिवशी मुरगळला, आणि तो नीट बसलाच नाही. ती लंगडत नाही, पण पळता येत नाही म्हणते. म्हणून कोर्टवर पाय ठेवत नाही." मी काट्यानं बटाटा नुसता फिरवत राहिले. मग पोर हसत म्हणाली, "आई म्हणते, पाय चांगला असता तरी हेस्टरमावशीनं मला हरवलंच असतं."

ती खोलीत गेल्यावर मी तिथेच बसून राहिले. पृथ्वीच्या त्या टोकाला तुला लंगडायचं काय कारण होतं? मग उमगलं. तुमच्या गावात निम्मी वस्ती आपल्याकडची. पेनहॅलोतली प्रत्येक म्हातारी तिकडे कुणाला तरी पत्र घालते. तिकडे कुणी शिंकलं तर इथे दीड महिन्यानं 'बरी आहे ना?' म्हणून विचारतात. तू एकदा जरी कोर्टवर पळाली असतीस, तरी इथल्या चहाच्या टेबलावर कुणीतरी म्हटलं असतं, लेटीचा पाय तर ठणठणीत दिसतो, मग त्या वर्षी काय झालं होतं? तू चोवीस वर्षांची होतीस. माझं एक वाक्य खरं राहावं म्हणून तू खेळणंच सोडलंस.

हे कळूनही मी सहा आठवडे गप्प बसले. तशी सवयच आहे मला. गेल्या सोमवारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होतो आणि मी तिला सगळं सांगितलं. न्याहारी, लोणी, हातमोजा, मेजर, सगळं. ती शेंगा सोलत राहिली. संपल्यावर तिनं हात पुसले, एप्रन काढून घडी घातली आणि म्हणाली, "मावशी, रविवारी सगळे चर्चला गेले की आई डोकं दुखतं म्हणून घरी राहते. एकदा मी लवकर परत आले. ती पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीवर चेंडू मारत होती. पळत होती मावशी, चांगली पळत होती. मला बघून रॅकेट पाठीमागे लपवली, आणि मी कुणाला सांगणार नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं, म्हणून तुलाही मी ते पायाचंच सांगितलं. मला वाटलं, तिला दुखण्याचं सोंग करायला आवडत असेल. मी लाजले होते तिची." मग ती वर गेली. सहा दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं झालं. आज स्टेशनावर तिनं माझ्या गालाला गाल लावला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. तिचं बरोबर आहे. तिच्यावर रागावू नकोस, आणि तिनं माझ्यावर धरलेला राग काढायलाही जाऊ नकोस.

मी क्षमा मागायला लिहीत नाही. ती मागितली तर तू लगेच देशील, तुझा स्वभावच तसा आहे, आणि मला अशी स्वस्तात मिळालेली आणखी एक गोष्ट घरात नको. लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की काल क्लबची वार्षिक सभा झाली. पंचेचाळीस माणसं होती. जमाखर्च वाचून झाल्यावर मी उभी राहिले आणि म्हणाले की १९०९ च्या फायनलला माझ्या बहिणीचा पाय मुरगळलेला नव्हता, ती खेळायला तयार होती, मी रेफरीशी खोटं बोलले, कारण ती मला हरवेल हे मला ठाऊक होतं. म्हातारे मेजर कोरिटन पहिल्या रांगेत होते, कानाला हात लावून म्हणाले, "पुन्हा सांगा, ऐकू आलं नाही." मग ते मला पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. १९०९ चा कप मी जिल्ह्याच्या कमिटीकडे परत पाठवला आहे. मिसेस नान्सकिव्हेल सभेतून उठून तडक घरी गेल्या, त्या अर्थी तुमच्या गावी हे पत्र पोचेल त्याच बोटीनं त्यांचंही पोचणार आणि दोन दिवसांत सगळ्या गावाला कळणार. कळू दे. त्यासाठीच तर सांगितलं. तुझ्या पायाला काही झालेलं नव्हतं, हे आता दोन्हीकडे सगळ्यांना माहीत आहे. लेटी, तू एकोणपन्नासची आहेस, मॉर्वेना या पत्राच्या मागेपुढेच घरी येईल, आणि तिला बॅकहँडवर कुणीतरी दमवणारं हवं आहे. आता कुणी चर्चला जायची वाट बघू नकोस. भर दुपारी, लोकांदेखत, कोर्टवर जा आणि पळ.

तुझीच, जिच्यासाठी आता तुला काही लपवायला नको अशी,
हेस्टर